मनगटावरची रेघ

लाली जिथे संपत होती तिथे ती हळूहळू फिकी होत नव्हती, एकदम थांबत होती. हिरव्या बांगड्यांच्या जरा खाली कातडीचा रंग बदलत होता. रेघेच्या वर रोजचाच सावळा, तुकतुकीत हात. रेघेच्या खाली सुकलेला, लालसर, बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडलेला. उजव्या हातावरही तशीच रेघ, तेवढ्याच उंचीवर. दोन्ही हात एकदमच कशात तरी मनगटापर्यंत बुडवून काढावेत, तशी.

सोनलला हे दिसलं ते केवळ पदर सरकला म्हणून. मनुबाई पाळण्याची दोरी ओढत होत्या आणि दोरी धरलेल्या हाताभोवती त्यांनी पदर गुंडाळला होता. पाळण्याच्या एका झोक्याबरोबर तो सुटला. सोनल बघतेय हे लक्षात येताच त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला.

"आये, हाताला काय झालंय?"

"काय नाय गो. बरफाचं हाय."

"बघू."

"बगायचं काय त्यात? म्हातारी झाले, कातडी पण म्हातारी झाली." आणि त्या पाळण्यातल्या शिवानीकडे बघून जिभेने टॉक् टॉक् करू लागल्या. म्हणजे विषय संपला.

मनुबाई सोनलच्या सासूबाई. सोनल त्यांना 'आये' म्हणायची, कारण तिचा नवरा दर्शन म्हणायचा. लग्नानंतर 'सासूबाई' म्हणून पाहिलं होतं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की पुन्हा म्हणायची सोय राहिली नाही. त्या राहायच्या चेंदणी कोळीवाड्यात, सोनलच्या सासऱ्यांबरोबर, दाजींबरोबर, जुन्या घरात. सकाळी ठाण्याच्या बाजारात त्यांच्या सासूकडून आलेल्या ओट्यावर बसून मासळी विकायच्या. बाजार उठला की बस पकडून घोडबंदर रोडला यायच्या, चौदाव्या मजल्यावर, नातीकडे. येताना डब्यात काहीतरी असायचंच. सोनलला दूध यावं म्हणून पहिले काही महिने खाऱ्या बोंबलांची आमटी आणली, ती डोंबिवलीच्या शाकाहारी घरात वाढलेल्या सोनलने आधी नाक धरून आणि नंतर बोटं चाटून खाल्ली होती.

पण एक गोष्ट सोनलच्या मनात सलत होती. मनुबाई रोज यायच्या, पाळणा हलवायच्या, लंगोट धुवायच्या, घड्या घालायच्या. शिवानीला मात्र उचलून घ्यायच्या नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी तिला खाली ठेवू दिलं नव्हतं. मग कधीतरी ते थांबलं. आता शिवानी रडली तरी त्या उठून सोनलला हाक मारायच्या. "अगं, पोर रडते, घे." स्वतः बाजूला उभ्या. दर्शनला विचारलं तर म्हणाला, "आये तशीच आहे, लाड करायची सवय नाही. मला तरी कुठे घ्यायची? मी टोपलीत वाढलो."

"टोपलीत?"

"मासळीच्या नाही गं. रिकाम्या."

हसण्यावारी गेलं ते. पण सोनलची रजा महिनाअखेर संपत होती. वागळे इस्टेटच्या ज्या प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची, तिथे तिला दुपारची पाळी द्यायला तयार होते. सकाळी ती घरी, संध्याकाळी दर्शन. मधल्या वेळाचं काय? डोंबिवलीहून तिच्या आईने, सुहासिनीबाईंनी, शेजारच्याच टॉवरमधल्या पाळणाघरात जागा धरून ठेवायला लावली होती. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना यायला जमणार नव्हतं, पण फोन करायला जमत होतं. "काय ठरलं?" असं त्या एक दिवसाआड विचारायच्या आणि सोनल "बघू" म्हणायची.

खरं तर बघायचं काही शिल्लक नव्हतं. सोनलच्या मनात उत्तर कधीच तयार होतं. मधला वेळ म्हणजे बरोबर मनुबाई यायची वेळ. पण जी बाई मुलीला हातसुद्धा लावत नाही तिच्याकडे मुलगी सोपवायची, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि ती नाही म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, म्हणून ते उत्तर तिच्या जिभेच्या मागेच बसून होतं.

दुपारी मनुबाईंनी दारात पाऊल टाकलं की सोनलचं आणखी एक व्हायचं. तिला प्रयोगशाळेची आठवण यायची. नमुन्यांच्या बाटल्या, पाण्यात औषध टाकल्यावर चढणारा तो फिका गुलाबी रंग, पांढऱ्या फरशीचा गारवा. अगदी नाकात बसल्यासारखी आठवण. घरात बसून कंटाळले आहे मी, असं ती स्वतःला सांगायची.

*

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, मनुबाई गेल्यावर, सोनलने शिवानीचा लंगोट सोडला आणि तिचा हात थांबला. पोटाचा खालचा भाग, मांड्या, कुल्ले, सगळं लाल झालं होतं. मधे मधे बारीक पुटकुळ्या. शिवानी पाय झाडत होती आणि ओल्या कापडाने पुसताच कळवळून रडली.

सोनलने तिला कोमट पाण्याने धुतलं, टिपून कोरडं केलं, मोकळंच दुपट्यावर ठेवलं. तापमापी लावली. ताप नव्हता. मग स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला आणि त्याची कड त्या लालीवर हलकेच दाबली. काचेखाली लाली विरली आणि पेला उचलताच परत आली. काचेखाली न विरणारे डाग म्हणजे कातडीच्या आत रक्त उतरलेलं असू शकतं आणि मग क्षणभर थांबायचं नसतं, एवढं तिला माहीत होतं. हे तसं नव्हतं. शिवानी दूधही नीट पीत होती. म्हणजे सकाळपर्यंत थांबता येईल.

तेवढ्यात आईचा फोन आला, आणि बोलू नये ते सोनल बोलून गेली.

"लाल झालंय? कुठे? अगं मग मला आधी नाही का सांगायचंस!" सुहासिनीबाईंचा आवाज वर चढला. "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. पण ऑपरेशनच्या आधी आले होते तेव्हा मनुबाईंचे हात मी पाहिलेत. बोटांच्या बेचक्यांत लाल, भेगा. खरूज आहे ती, सोनल. आमच्या वसतिगृहात एकीला झाली आणि सगळ्या खाजवत बसलो होतो. तीच लागलीय बाळाला."

"त्या तिला घेतच नाहीत, आई."

"लंगोट कोण धुतं?"

सोनलने बाजूला टाकलेल्या लंगोटाकडे बघितलं.

"तू मायक्रोबायोलॉजी शिकलीस ना? मग मी कशाला सांगायला हवं? बरं होईपर्यंत त्यांना येऊ नका म्हणावं. रागावतील चार दिवस. आणि पाळणाघराचं आता नक्की कर बाई, त्या मुलींचे हात तरी स्वच्छ असतात."

फोन ठेवल्यावर सोनल बराच वेळ शिवानीकडे बघत बसली. आई म्हणाली ते अशक्य नव्हतं. पण तिच्या मनातून ती रेघ जात नव्हती. खरजेचे किडे असे आखून दिल्यासारखे थांबतात का? मग तिने शिवानीकडेही त्या नजरेने पाहिलं. मांडीच्या उंचवट्यावर लाली गडद होती, पण जांघेच्या घडीत, जिथे कातडी कातडीला चिकटलेली असते, तिथे आत एक फिकी, निरोगी पट्टी होती. कमरेवर लंगोटाची नाडी जिथे बांधली होती तिथे पुन्हा एक रेघ, सरळ.

दर्शन आला तेव्हा तिने त्याला दोन्ही रेघांबद्दल सांगितलं.

"म्हणजे आयेमुळे झालं?" त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सोनलला घाईने म्हणावं लागलं, "मला माहीत नाही. दोघींनाही दाखवायचं आहे."

"आये डॉक्टरकडे? एकदा शिंगाळा माशाचा काटा हातात मोडला होता तिच्या. तिने तो दातांनी काढला आणि त्याच हाताने भाव केला. तू नेऊन दाखव, मानलं तुला."

*

दुसऱ्या दिवशी मनुबाई आल्या तेव्हा सोनल तयारच होती. "आये, शिवूला अंगावर उठलंय. वर्तकनगरला डॉक्टरकडे न्यायचंय. दर्शन ऑफिसात आहे. माझ्याबरोबर चला."

मनुबाईंचा चेहरा उतरला. त्या पाळण्याशी गेल्या, वाकल्या, सोनलने दुपटं बाजूला केलं तसं एकदाच बघितलं आणि मागे सरकल्या. "माजं लागलं काय गो तिला?" हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं त्यांनी विचारलं.

"तेच विचारायचंय. तुमचेही हात दाखवू."

"माजे नको."

"का?"

"डाक्टर बोलेल, बाजार सोड. मासलीचं पानी लागतं, बरफ लागतो. मना म्हाईत हाय डाक्टर काय बोलतात ते. आमच्या गल्लीतल्या आवडाबाईला बोलले ना तसं. ती बसली घरी, आन् दोन वरसात गेली."

"आवडाबाई नव्वदीच्या होत्या, आये."

"त्या ओट्यावर असती तर शंभर केले असते तिने."

सोनलला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "बरं, हात नका दाखवू. पण मला एकटीला हिला आणि पिशवीला नाही सांभाळता येत. रिक्षात बसायला तरी चला."

हे मात्र मनुबाईंना मोडवेना.

डॉक्टर कल्पिता यांचा दवाखाना वर्तकनगर वसाहतीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं घाईचं पण हात निवांत. त्यांनी शिवानीला टेबलावर घेतलं, तिच्या पायाचा अंगठा हलवून तिला हसवलं आणि मग तिच्या मांड्या अलग करून घड्या तपासल्या.

"पुरळ कुठे आहे ते सगळेच दाखवतात," त्या म्हणाल्या. "कुठे नाही, ते मी आधी बघते. घड्या स्वच्छ आहेत. बुरशी असती तर आधी घडीत शिरली असती आणि कडेला सुटे सुटे ठिपके सांडले असते. ही लाली फक्त जिथे कापड घासतं तिथे आहे. म्हणजे कापडात काहीतरी आहे. लंगोट कशाने धुता?"

"साबणाने," सोनल म्हणाली. आणि मग, "मी नाही धूत. आये धुतात."

डॉक्टरांनी मनुबाईंकडे बघितलं. त्या दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली.

"आजी, इकडे या."

"मी नुसती बरोबर आलेय."

"बरोबर आलात ते चांगलंच झालं. हात दाखवा."

"मना काय नाय झालेलं."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

मनुबाई उठल्या. हात पदराबाहेर आले. दिव्याखाली ते सोनलने पाहिले त्याहून वाईट होते. अंगठ्याच्या मुळाशी एक भेग उघडी पडून तिच्यात रक्ताचा सुकलेला धागा होता. डॉक्टरांनी भिंग घेऊन एकेक बेचकं तपासलं, मग कोपर, मग पोटाशी, बेंबीभोवती खाज येते का ते विचारलं.

"रात्री खाज वाढते? झोप लागत नाही इतकी?"

"नाय. आग होते. पानी लागलं की."

"घरात आणखी कुणाला? आजोबांना?"

"दाजीला? त्याला कदी काय होत नाय, त्याच्या अंगाला मच्छर पन चावत नाय."

"मग खरूज नाही," डॉक्टर सोनलला म्हणाल्या. "ती घरभर फिरते, रात्री छळते, आणि बेचक्यांत बारीक वळणदार रेषा दिसतात. इथे तसं काही नाही. हे कशाने तरी भाजलंय. आगीने नव्हे, कशाने तरी रोज थोडं थोडं." मग मनुबाईंना, "आतापर्यंत काय लावलंत?"

मनुबाईंनी कनवटीच्या पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढली. "बाजारासमोरच्या औषधवाल्याने दिली. सगल्याला चालते बोलला."

डॉक्टरांनी ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. मनुबाई "अहो!" म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. "सगळ्याला चालते म्हणूनच नको. यात तीन औषधं एकत्र आहेत. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट होतं, आणि कातडी कागदासारखी पातळ होते. अर्धं ठाणं माझ्याकडे ह्या ट्यूबा घेऊन येतं. बरं, आता सांगा, सकाळी उठल्यापासून हात कशाकशात जातात. काही गाळायचं नाही."

मनुबाईंनी सांगायला सुरुवात केली. आधी चहा. मग मासळी आणायची. बर्फ. कोलंबी सोलायची, मांदेली साफ करायची, गिऱ्हाईकाला सुरमई कापून द्यायची. हे सगळं त्या लग्न होऊन आल्यापासून करत आल्या होत्या. डॉक्टरांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

"आणि इतकी वर्षं हात असे होते?"

"कदी नाय! ह्या हातानं मी खेकडे पकडलेत."

"मग मासळीने नाही झालं. मासळी तीच आहे. नवीन काय आलं? पाच-सहा महिन्यांत?"

शिवानीने टेबलावरून 'आऽ' असा एक लांबलचक आवाज काढला.

मनुबाईंनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक छोटी पत्र्याची डबी बाहेर काढली. झाकण उघडलं. आत पांढरी, जरा ओलसर भुकटी होती.

वास खोलीत पसरायला क्षणही लागला नाही. सोनलच्या डोळ्यांसमोर बाटल्या उभ्या राहिल्या, फिका गुलाबी रंग, पांढरी फरशी. दुपारच्या दारातली ती सगळी आठवण. क्लोरीन. हा वास मोजण्यात तिची आठ वर्षं गेली होती, आणि रोज दुपारी तो दारातून चालत आत येत होता, चप्पल काढत होता, डबा ओट्यावर ठेवत होता, आणि तिला कळलं नव्हतं.

"ब्लीचिंग पावडर," ती म्हणाली.

"बाजार उठला की ओटे धुवायला देतात ती," मनुबाई म्हणाल्या. "ओट्याचा वास जातो, मग हाताचा जानार नाय? बादलीत घालते, दोन्ही हात बुडवते, मग घासनी घेते. वास पार जातो. लिंबानं नाय जात एवढा. मग ह्या आठवड्यात वाटलं, पोरीचे कपडे पन त्यातच धुवावे. पांढरे होतात. डाग रहात नाय."

"पण कशासाठी, आये?" सोनलने विचारलं. "तुम्हाला कुणी काही बोललं? आई काही बोलली का?"

"नाय गो. तुजी आई काय नाय बोलली. हात धुवा बोलली, ते सगल्यांना बोलते ती." मनुबाईंनी डबीचं झाकण लावलं, पण ती ठेवली नाही, हातातच फिरवत राहिल्या. "पोरच बोलली."

"शिवू?"

"दुसरा महिना असेल तिला. मी बाजारातनं तशीच आले, घाईत. घेतली तिला. तर हिनं असं तोंड फिरवलं." त्यांनी स्वतःचा चेहरा खांद्याकडे वळवून दाखवला. "परत घेतली, परत फिरवलं. आन् रडली. तुज्याकडं दिली तर गप. मना वाटलं, येवडंसं पोर खोटं कशाला बोलेल? वास येत असेल तिला. मग मी बोलले, वास गेल्याबिगर घ्यायची नाय. वास गेला, तर हात असे झाले. मग बोलले, हात बरे झाल्याबिगर घ्यायची नाय."

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, पुसायला म्हणून परत काढला.

"आजी," त्या म्हणाल्या, "त्या वयाचं बाळ गालाला काही लागलं की तिकडे तोंड वळवतं. छाती शोधत असतं. तुमच्याकडे दूध नव्हतं म्हणून ती रडली. एवढंच."

मनुबाईंनी हे ऐकलं. मग त्या सोनलकडे वळून, तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या, "भूक लागलेली तिला?"

"हो, आये."

"आन् मी इतके दिवस..." त्यांनी नाक पुसायला पदर घेतला.

डॉक्टरांनी त्यांना तेवढा वेळ दिला आणि मग कामाला लागल्या. लंगोट साध्या साबणाने धुवायचे, तीन पाण्यांतून काढायचे, कडक उन्हात वाळवायचे. जमेल तेवढं बाळाला मोकळं ठेवायचं आणि जस्ताचं मलम लावायचं. मनुबाईंना एक मलम थोडेच दिवस, त्यावर दिवसातून अनेकदा साधी पेट्रोलियम जेली. बाजारात रबरी हातमोजे, पण आतून सुती, नाहीतर घामाने आणखी बिघडेल. "आणि भेगा बुजेपर्यंत लिंबूसुद्धा नको. कळलं?"

"आन् बाजार?"

"बाजाराचं काय?"

"सोडायचा?"

"मी कुठे म्हटलं सोडा? मोजे घाला म्हटलं. मला शनिवारी पापलेट लागतं, तुम्ही सोडलात तर मी कुणाकडे जाऊ?"

मनुबाईंनी संशयाने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही कुनाकडं घेता?"

"समोरच्या ओळीत, कोपऱ्यावर."

"पोपटच्या बायकोकडं? ती कालचं बरफातलं देते. माज्याकडं या."

सोनल उठताना डॉक्टरांनी तिला थांबवलं. "तू काच दाबून बघितलीस म्हणालीस, ते चांगलं केलंस. तसंच करत जा. पुरळाबरोबर ताप आला, डाग काचेखाली विरले नाहीत, फोड उठले, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला, बाळ दूध घेईना किंवा मलूल पडलं, तर माझी वाट बघायची नाही. थेट मोठं हॉस्पिटल. यांच्या भेगेतून पू आला किंवा लाल रेघ हातावर वर सरकायला लागली तरी तसंच. बाकी पुरळाला वेळ असतो. पण चार-पाच महिने नाही. तेवढा वेळ कुठल्याही पुरळाला नसतो."

शेवटचं वाक्य डॉक्टर मनुबाईंकडे बघून बोलल्या. सोनलला मात्र ते स्वतःला लागलं. मनुबाईंना तिनेही इतके महिने काही विचारलं नव्हतं.

*

रिक्षा माजिवड्याच्या पुलाखाली अडकली. पुढे ट्रक, मागे बस, रिक्षावाल्याने इंजिन बंद करून टाकलं. शिवानी सोनलच्या मांडीवर झोपली होती. मनुबाईंच्या हातांवर डॉक्टरांनी तिथेच जेली लावून दिली होती, म्हणून त्यांनी ते हवेत धरले होते, मेंदी काढलेल्या नवरीसारखे.

"सोनल."

"हं."

"पालनाघरात पोरींना मांडीवर घेतात काय गो?"

सोनलने त्यांच्याकडे बघितलं. त्या बाहेर ट्रककडे बघत होत्या.

"घेत असतील. माहीत नाही. खूप मुलं असतात."

"तेच बोलते मी. येवड्या पोरांना किती जनी घेनार." मग ट्रकलाच सांगावं तसं, "माजा बाजार दुपारी उठतो. मग काय काम नसतं मना."

गाड्या हलल्या. रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं आणि त्या आवाजात पुढचं बोलायची गरज उरली नाही.

घरी आल्यावर मनुबाईंनी आधी बाथरूम गाठली. सोनलला पाण्याचा आवाज आला, साध्या साबणाचा वास आला. त्या बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आज त्यांच्याबरोबर प्रयोगशाळा आली नव्हती. आज बोंबील आले होते, थोडा बर्फ, थोडी खाडी, आणि कुठेतरी अगदी तळाशी तंबाखूच्या मशेरीचा वास.

"येतो ना वास?" त्यांनी विचारलं.

"येतो," सोनल म्हणाली. "बसा."

"हात चिकट हायेत."

"बसा हो, आये."

त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. सोनलने जागी झालेल्या शिवानीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मनुबाईंचे हात काही क्षण दोन्ही बाजूंना अधांतरी राहिले. मग एक डोक्याखाली गेला, दुसरा पायांखाली, आणि पाच महिने कुठेच न गेल्यासारखे आपापल्या जागी बसले. शिवानीने त्यांच्या तोंडाकडे गंभीरपणे बघितलं. मग मान वळवली.

मनुबाईंनी सोनलकडे बघितलं.

शिवानीने मान वळवली ती त्यांच्या बांगड्यांकडे. हिरव्या काचांवर दिवा चमकत होता. तिने हात पुढे केला आणि जेलीने चोपडलेलं एक बोट मुठीत घट्ट धरलं.

तेव्हाच सोनलचा फोन वाजला. तिने तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"काय म्हणाले डॉक्टर? खरूजच ना?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"नाही, आई. खरूज नाही. लागणारं काहीच नाही. सगळं सांगते नंतर."

"नाही? बरं झालं बाई. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मनुबाई आहेत का तिथे? त्यांना बरं वाटतंय ना? सांग त्यांना, मी चौकशी केली म्हणून." त्यांचा आवाज खरंच हलका झाला होता. मग लगेच, "पण ऐक, पाळणाघराच्या बाईंचा पुन्हा फोन आला होता. त्यांच्याकडे दुसरी मुलं थांबलीत. आता तू बघू म्हणू नकोस. काय कळवू त्यांना?"

मनुबाईंनी मान वर केली नाही. त्या बोट सोडवूनही घेत नव्हत्या आणि हलवतही नव्हत्या.

सोनल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, फोन मधे ठेवला आणि दोघींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही म्हणून कळव, आई. शिवू आयेंकडे राहणार आहे."